पैलतीराहून येणारी ओ

पूर्वीं मालवणच्या दक्षिणेस कर्लीच्या खाडीवर तरीची वाट पाहणारा उतारू पलीकडच्या नावाड्यास हांक मारी. ओ आली कीं त्याला तीन गोष्टी एकदम कळत: पलीकडे माणूस आहे, आपला आवाज तेथवर पोंचतो, आणि त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो. ओ न आल्यास मात्र नेमकें काय बिघडलें हें कळत नसे. वारा उलटा असेल, नावाडी जेवावयास गेला असेल, किंवा ऐकूनहि गप्प बसला असेल. संगणकांच्या जाळ्यांत दूरच्या यंत्रास मारावयाची हांक अशीच असते. तिचें नांव पिंग.

ही आज्ञा १९८३ सालच्या डिसेंबरांत अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या माइक म्यूस या गृहस्थांनीं लिहिली. तेथील जाळें विचित्र वागत होतें, व त्याचें कारण शोधावयाचें होतें. नांव त्यांनीं सोनार यंत्राच्या आवाजावरून घेतलें. हें तत्त्व मालवणच्या मच्छीमारांस परकें नाहीं. यांत्रिक नौकेवरील मासे शोधणारें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडतें आणि तो परतण्यास किती वेळ लागला हें मोजतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर जातो. म्हणून प्रतिध्वनीस सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तळ ७५ मीटर खोल. निम्मा वेळ जाण्याचा, निम्मा येण्याचा.

पिंगमध्यें ध्वनीच्या जागीं एक लहानसें पाकीट जातें. विंडोज पद्धतीच्या संगणकावर त्यांत ३२ बाइट मजकूर असतो व अशीं चार पाकिटें एकामागून एक पाठविलीं जातात. ज्या यंत्रास पाकीट मिळेल त्यानें तोच मजकूर परत धाडावा, असा नियम १९८१ सालींच ठरला होता. जुन्या टपालांतील पोचपावतीसारखाच हा प्रकार. परतीस लागलेला वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, पडद्यावर उमटतो. मालवण ते मुंबई हें अंतर सरळ रेषेंत सुमारें ३४० किलोमीटर आहे आणि कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. तेव्हां मुंबईहून तीन मिलिसेकंदांच्या आंत ओ येणें शक्यच नाहीं. प्रत्यक्षांत तारा वळणावळणानें जातात व वाटेंतील यंत्रेंहि थोडा वेळ घेतात, म्हणून आंकडा मोठा येतो.

आतां समजा, देवबागच्या एका घरांत एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत बसली आहे. मुदत आज मध्यरात्रीं संपते, बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, आणि पान उघडत नाहीं. संकेतस्थळच बंद असेल, उद्यां पाहूं, असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. हा तर्क चुकीचा ठरला, तर शिष्यवृत्ति हातची जाईल. म्हणून तर्क न करतां पायरीपायरीनें हांक मारीत जावें.

विंडोजच्या शोधपट्टींत सी, एम, डी हीं तीन रोमन अक्षरें लिहिलीं कीं एक काळी चौकट उघडते. तींत पिंग हा शब्द रोमन लिपींत लिहून, एक जागा सोडून, पत्ता द्यावा. पहिली हांक १२७.०.०.१ या पत्त्यास. हा पत्ता स्वतःच्याच यंत्राचा. येथें ओ नसेल, तर बिघाड संगणकांतच आहे. दुसरी हांक घरांतील राउटरला. त्याचा पत्ता आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर डीफॉल्ट गेटवे या शब्दांपुढें दिसतो. तेथून ओ न आल्यास वायर, वायफाय व राउटरची वीज तपासावी. तिसरी हांक घराबाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्यास. गूगलची ही सार्वजनिक सेवा २००९ सालापासून चालू आहे. दुसरीस ओ आली व तिसरीस नाहीं, तर दोष बहुधा घराबाहेरच्या वाटेंत असतो. माडाची झावळी पडून तार तुटली असेल. चौथी हांक आंकड्यानें नव्हे, तर नांवानें: गूगल डॉट कॉम. आंकड्यास ओ मिळते व नांवास मिळत नाहीं, तर वाट शाबूत असून नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था तेवढी बिघडली आहे.

उत्तराचे शब्दहि नीट वाचावेत. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे ठरलेल्या वेळांत, विंडोजवर चार सेकंदांत, ओ आली नाहीं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे आपला संगणक किंवा वाटेवरचें एकादें यंत्र सांगतें आहे कीं, पुढें मार्ग नाहीं. पहिली नुसती शांतता. दुसरी बंद रस्त्याची पाटी. चारांपैकीं दोनच पाकिटें परतलीं, तर वाट आहे, पण कच्ची आहे.

मात्र दूरच्या यंत्राच्या मौनावरून तें बंद आहे असें मानूं नये. पुष्कळ संस्था सुरक्षिततेसाठीं आपल्या यंत्रांस पिंगला उत्तर न देण्याची ताकीद देऊन ठेवतात. जागा असून गप्प बसलेल्या नावाड्याचाच हा प्रकार. उलट, ओ आली म्हणजे अर्ज स्वीकारला जाईलच असेंहि नाहीं. दार ठोठावल्यावर आंतून आवाज आला, एवढाच तिचा अर्थ.

देवबागच्या मुलीस दुसऱ्या हांकेला ओ मिळाली व तिसरीला मिळाली नाहीं, तर संकेतस्थळास दोष देण्यास तिच्यापाशीं कांहींच आधार उरत नाहीं. शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून जोडणी घेऊन तिला अर्ज त्याच रात्रीं धाडतां येईल, आणि तारेची तक्रार सकाळीं करतां येईल. या चार हांकांस पांच मिनिटेंहि लागत नाहींत. त्या उंबरठ्यापासून आरंभ करून क्रमानें माराव्या लागतात, इतकेंच.