कॉफीला उकळी नको!

चहाच्या बाबतीत आपल्या घरात प्रत्येकाला मत असते. कॉफी मात्र मुकाट्याने प्यायली जाते. ती पाहुण्याची, उपासाची किंवा जागरणाची! दूध, पाणी, साखर आणि पूड एकदम पातेल्यात घालून खळखळ उकळायची, वर जायफळ किसायचे, की झाली कॉफी. आजीबाईच्या बटव्यात झोपेसाठी सांगितलेले जायफळ झोप उडवणाऱ्या पेयात घालण्याची गंमत आपल्यालाच साधली आहे. जायफळाशी माझे वैर नाही; पण पुष्कळदा ते कडू झालेल्या कॉफीवर पांघरूण घालायलाच येते.

कॉफी बिघडते ती उकळण्याने. स्वयंपाकघर घमघमले म्हणजे कॉफी फक्कड जमली असे आपण समजतो. वास्तविक तेवढा वास पेल्यातून निघून गेलेला असतो. शिवाय पूड जितकी जास्त वेळ खळखळेल, तितके तिच्यातले कडू-तुरट अंश पाण्यात उतरतात. मग साखर वाढते, दूध वाढते आणि महागाची पूड फुकट जाते.

दक्षिणेकडच्या घरांनी यावर तोड केव्हाच काढली. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या मुलखातल्या घरोघरी एकावर एक बसणारी दोन भांडी असतात. वरच्याच्या बुडाला बारीक भोके, आत दांडीची चकती. हाच फिल्टर. वरच्या भांड्यात पोह्याचे तीन शिगोशीग चमचे पूड घालावी, ती हलकेच सारखी करून चकती ठेवावी. दाबून बसवली तर पाणी तुंबते. पूड फार बारीक दळलेली असली तरी तेच. आधणाला उकळी आली की गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मोठा कपभर पाणी गोलाकार ओतून झाकण ठेवावे. पंधरावीस मिनिटांत खालच्या भांड्यात दाट काळा काढा जमतो. एक भाग काढ्याला तीन भाग कढत दूध, म्हणजे चौघांची बेताची कॉफी होते. उकळायचे ते दूध. काढा पुन्हा विस्तवावर ठेवू नये.

सकाळी साडेपाचला एका शेगडीवर डब्याची भाजी आणि दुसरीवर आंघोळीचे पाणी असते, तिथे वीस मिनिटे थांबायचे कुणी? अशा घरी रात्री निजताना फिल्टर लावून ठेवावा. पहाटेच्या ताज्या काढ्याची सर त्याला येत नाही, पण उकळलेल्या कॉफीहून तो कितीतरी बरा. आणि मग सकाळी उरते ते फक्त दूध तापवणे. एवढे काम घरातल्या कुठल्याही पुरुषाला जमावे!

फिल्टर नसला तरी अडत नाही. पातेल्यात पाणी उकळून खाली उतरवावे, माणशी दोन लहान चमचे पूड टाकून एकदा ढवळावे, चार मिनिटे झाकावे. वरून चमचाभर गार पाणी शिंपडले की गाळ तळाशी बसायला मदत होते. मग ओल्या फडक्यातून गाळून घ्यावे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद भोके पाडलेल्या भांड्यात घालून कॉफी गाळली, आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. आपले मलमलीचे फडके त्याच कामाचे आहे. ते नुसत्या गरम पाण्याने धुवावे. साबणाचा वास कॉफीत उतरतो.

पूड घेताना वेष्टनावरची टक्केवारी वाचावी. चिकोरी हे एक भाजलेले मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, तरतरी येत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरीही कायदेशीरच! माझ्या मते वीस टक्के पुष्कळ झाली. पूड आठवडा-दोन आठवडे पुरेल इतकीच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

एकदा वापरलेल्या पुडीवर पुन्हा पाणी ओतून निघणारा दुसरा काढा फिका असतो. बहुतेक घरांत तो सर्वांत शेवटी कॉफी घेणारीच्या वाट्याला येतो. सुरुवातीलाच एक चमचा पूड आणि थोडे पाणी जास्त घातले, तर तिलाही पहिल्या काढ्याची मिळते.