नाताळचीं गाणीं : जुनीं आणि नवीं

जुनें तेवढें भक्तीचें नि नवें तेवढें बाजारी, असा समज नाताळच्या गाण्यांविषयीं आढळतो. पण 'स्टिल्ले नाख्ट' हें जुनें गीत ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ गांवीं २४ डिसेंबर १८१८ रोजीं प्रथम गाइलें गेलें, तें चक्क गिटारच्या साथीवर! शब्द योझेफ मोर या पाद्र्याचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबरची. पुढें गीत दूरवर पसरलें, कर्ते मात्र विसरले गेले. १८५४ सालीं बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हां ग्रूबरनें खरी हकीकत लिहून दिली. मोर तर १८४८ सालींच वारला होता.

आयर्व्हिंग बर्लिन या यहुदी गीतकाराचें 'व्हाइट ख्रिसमस' बिंग क्रॉस्बीनें १९४१ च्या नाताळांत रेडिओवर गाइलें. त्यांत येशूचें नांवही नाहीं. तरी युद्धावर गेलेले अमेरिकन सैनिक तेंच पुनःपुन्हां मागत.