नस चढत नाही, स्नायू आखडतो

कासारसाई गावाच्या खाचरात दिवसभर वाकून भातलावणी केली की संध्याकाळी कमरेत उसण भरते. उसाची मोळी उचलतानाही तेच होतं. मग घरात हमखास कुणीतरी म्हणतं, ‘नस चढली, पायाळू माणूस बघा.’

नस एकीवर एक चढत नाही. आखडतो तो स्नायू. पाठीवरून अंगठा फिरवताना दोरीसारखं जे कडक लागतं, ती आकसलेल्या स्नायूची पट्टी असते. पायाळूचा, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाचा, पाय कमरेला लागल्यावर बरं वाटतं हे खोटं नाही, पण बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय मात्र पायाला जातं. मणक्यांमधली चकती सरकलेली असेल, तर त्याच लाथेने दुखणं वाढू शकतं.

मालिश करणारा जाणता हात आधी तळहाताने लांब, हलकं चोळतो. मग कणीक तिंबावी तसे स्नायू मळतो, अंगठ्याने बारीक गोल घासतो आणि शेवटी थापटतो. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेचा संदेश मंदावतो, अशी मांडणी मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली केली. आराम खरा असतो तो असा. ‘जितकं दुखेल तितका गुण’ ही समजूत मात्र सोडायला हवी. दुखलं की स्नायू आणखी ताठरतो.

‘मालिशने लॅक्टिक आम्ल निघून जातं,’ असं तालमीत आणि जिममध्ये सर्रास सांगतात. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात ते शरीर स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली ११ पुरुषांचे पाय दमवून प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केलं. त्या पायाच्या स्नायूत दाहाच्या खुणा कमी दिसल्या, लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पाय ताजा मुरगळला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस रगडणं टाळा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.