आधी वरचा पत्रा, मग सीलिंग

आमच्या मोबाईल होमचं सीलिंग भिंतींच्या माथ्यावर टेकलेलं आहे. एरवी घर बांधताना भिंती उभ्या राहतात, वर छप्पर चढतं आणि शेवटी आतून सीलिंग ठोकतात. मोबाईल होमच्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. सीलिंगचे लांबच लांब तक्ते पालथे मांडायचे, त्यांच्या पाठीवर लाकडी कैच्या गोंदाने आणि पिनांनी बसवायच्या आणि ते सगळं क्रेनने उचलून भिंतींवर ठेवायचं. त्यामुळे तक्त्याची दोन्ही टोकं भिंत आणि छप्पर यांच्यात चेपलेली राहतात. भिजून पोक आलेला तक्ता ओढून काढू म्हटलं तर निघत नाही, वर कैच्या मात्र खिळखिळ्या होतात.

आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो. घर 1974 सालचं, 12 फूट रुंद आणि 60 फूट लांब. पोलादी सांगाड्यावर बांधून, चाकं लावून ट्रकने ओढत आणलेलं आणि मग इथेच बसलेलं. घर आमचं, खालची जागा मोबाईल होम पार्कच्या मालकाची. तिचं भाडं दर महिन्याला. 15 जून 1976 पासून अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम लागू झाले आणि त्याआधीची घरं घ्यायला अनेक पार्क तयार नसतात. म्हणजे इथून हलवून दुसरीकडे न्यावं म्हटलं तर ते सोपं नाही. ज्यांच्याकडे असं घर आहे, त्यांच्यासाठी ते राखणं हाच व्यवहाराचा मार्ग. आमच्या ओळीत बहुतेक जण निवृत्त किंवा तासावर काम करणारे. सीलिंगवर तपकिरी डाग दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो, हे मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

डाग पाहून लगेच रंगाचा डबा आणायचा नाही. आधी वर काय चाललंय ते शोधायचं. चिपळूणला सासूबाई दर मे महिन्यात कौलं शाकारून घ्यायच्या. तिथे आत उभं राहून वर पाहिलं तरी फुटक्या कौलातून उजेड दिसतो. इथे पत्रा आणि सीलिंग यांच्यामध्ये वीतभर पोकळी, तिच्यात काचतंतूची लोकर. पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने किंवा कैचीच्या लाकडावरून वाहत जातं आणि भलत्याच खोलीत टपकतं. न्हाणीघराच्या नळ्या छपरातून बाहेर निघतात ती भोकं, पत्र्याचे सांधे आणि कडेची पट्टी ही नेहमीची ठिकाणं.

पण पाऊसच नसतानाही सीलिंग भिजतं, ही थंड मुलखातली खरी गोम. जानेवारीत आकाश निरभ्र, बाहेर कडाक्याची थंडी, आणि सीलिंगला थेंब! स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ फटींतून वर जाते, गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. न्हाणीघराचा पंखा हवा बाहेर न टाकता पोकळीतच टाकत असेल तर विचारायलाच नको. म्हणून ओल कधी येते याची नोंद ठेवावी. पावसानंतर आली तर पत्रा, कोरड्या थंडीत आली तर वाफ. दोन्हींचा इलाज वेगळा.

पत्र्यावर जायचं तर पाऊल कैचीवरच पडलं पाहिजे. मध्ये नुसता पत्रा असतो. आम्ही आडवा प्लायचा तक्ता टाकून त्यावर गुडघे टेकतो, म्हणजे भार वाटला जातो. कोरडा, उबदार दिवस बघून पत्रा घासून धुवायचा, सांध्यांवर कापडी पट्टी बसवायची आणि वर पांढरा रबरी लेप.

आतल्या कामाआधी एक गोष्ट टाळू नका. सत्तरच्या दशकातल्या घराचं सीलिंग लाह्यांसारखं खडबडीत असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाणी फवारून बोटाच्या पेराएवढा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत खरवडायचं नाही. आमचा नमुना स्वच्छ निघाला.

मग वीज बंद करून, मास्क आणि गॉगल लावून तक्ता कापायचा. कैच्या कुठे आहेत ते पिनांच्या ओळींवरून कळतं. आमच्याकडे दर 16 इंचांवर. कैचीच्या बरोबर मध्यावर चाकू चालवला तर जुन्या तक्त्याला अर्धी आणि नव्याला अर्धी टेकण मिळते. भिंतीपासून दोन इंच सोडून कापलं, अडकलेलं टोक तसंच राहू दिलं आणि फट नंतर लाकडी पट्टीखाली घेतली. भिजलेली लोकर हातात येते तेव्हा तिचं वजन थक्क करतं. ती फेकायचीच, वाळवून परत घालत नाहीत. पोकळी पूर्ण सुकेपर्यंत पंखा चालू ठेवायचा.

आता नवा तक्ता. अर्ध्या इंची ड्रायवॉलचा 4 बाय 8 फुटी तक्ता 20 ते 25 किलो भरतो. या बारीक कैच्या हलक्या सीलिंगच्या हिशोबाने बनवलेल्या. त्यांच्यावर असे तक्ते लटकवत जाणं मला पटत नाही. आम्ही पाव इंच जाडीचा, खाचा असलेला प्लाय वापरला. नवरा टी आकाराचा लाकडी टेकू धरून उभा, मी शिडीवर. ‘‘अहो, अजून थोडं वर,’’ म्हणत आधी बारीक भोक पाडायचं, मगच स्क्रू पिळायचा. नाहीतर पन्नास वर्षांचं लाकूड चिरतं. नुसता पोक आलेला पण कोरडा तक्ता असेल तर कापायचीही गरज नाही. टेकूने हळूहळू वर दाबायचा आणि फुलाच्या आकाराच्या प्लास्टिक चकत्यांतून स्क्रू मारायचे. अशा चकत्या जुन्या घरांत मुळातच असतात, त्यामुळे नवी ठिगळासारखी दिसत नाही.

उरलेल्या डागांवर आधी लाखेचा प्रायमर. साध्या पाण्याच्या रंगातून तो तपकिरी वेटोळा परत वर येतो.

शेजारच्या आजींच्या घरात दोन कैच्यांत स्क्रूड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा शिरला. तिथे तक्ता नंतर. आधी कुजलेल्या कैचीला लागून नवं लाकूड गोंद आणि स्क्रूने जोडावं लागेल, आणि तेही जाणत्या सुताराला दाखवूनच. तोवर खाली टेकू दिला आहे. मे महिन्यात त्यांचा पत्रा लेपून होईल, त्यानंतर आतलं काम हाती घेऊ.