केसपेपरवरचा संकेतांक आणि तुमची हकिकत



दवाखान्यातून घरी सोडताना जे कार्ड मिळते, त्यावर आजाराच्या नावाशेजारी 'टी ६०.०' असे काहीतरी पुष्कळदा लिहिलेले असते. हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग वर्गीकरणातील संकेतांक. १८९३ साली फ्रान्सच्या जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची जी यादी केली, तिच्यातूनच हे वर्गीकरण वाढत आले. त्याची दहावी आवृत्ती आपल्याकडील रुग्णालयांत वापरतात.

हा आकडा लिहिणारा लेखनिक बहुधा रुग्णाला पाहत नाही. तो केसपेपर वाचतो, आणि केसपेपरात तुम्ही सांगितलेलेच उतरते.

सरावाला एक काल्पनिक हकिकत घेऊ. ४५ वर्षांचा शेतकरी, सकाळपासून कपाशीवर प्रोफेनोफॉस फवारत होता. दुपारी दरदरून घाम, तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ६ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. आता आकडे बसवू. सेंद्रिय स्फुरदयुक्त कीटकनाशकाची विषबाधा म्हणून टी ६०.०. ती अपघाताने झाली म्हणून एक्स ४८, आणि जागा शेत असल्याने त्यापुढे ७. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा ई ११.

हीच हकिकत घरच्यांनी घाबरून "चक्कर येऊन पडला" एवढीच सांगितली तर? औषधाचे नाव नाही, फवारणीचा उल्लेख नाही. विष तपासात निघाले तरी ते पोटात कसे गेले हे ठरत नाही, आणि एक्स ४८ च्या जागी वाय १८, म्हणजे 'हेतू अनिश्चित', लागू शकतो. जाणूनबुजून घेतलेल्या विषाला एक्स ६८ आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात, आत्महत्येस नाही. निर्णय एकट्या आकड्यावर होत नाही, पंचनामाही लागतो. पण डॉक्टरांचा कागद संदिग्ध असला की कुटुंबाला हेलपाटे पडतात.

पैशाआधी जीव आहेच. या गटातील विषावर अ‍ॅट्रोपीन देतात, दुसऱ्या गटाचे उपचार वेगळे. म्हणून डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने किती घरे उघडी पडली ते आपण पाहिले आहे. (रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरणारे अजूनही भेटतात, त्यांना काय म्हणावे!)

विष जाणूनबुजून घेतले असेल तर तेही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच सामान्यतः धरले जाते, तिला शिक्षा होत नाही.

सांगताना औषधाचे नाव, किती वेळ फवारले, पहिला त्रास किती वाजता झाला आणि आधीचे आजार कोणते, एवढे सांगा. घरी निघण्यापूर्वी कार्ड गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात 'फवारणी' हा शब्द नसेल, तर तिथेच डॉक्टरांना विचारा.