लांबचा पल्ला (लेखांक ६) : आडवं होण्याचं गणित

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला साधारण सोळा तास लागतात. एवढा वेळ न थांबता उडायला लागणारं इंधन पंखांत कसं मावतं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आज तेच सोळा तास आत बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहू. बिझनेस क्लास म्हटलं की शॅम्पेन, चिनीमातीच्या बशा, गरम टॉवेल असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते ते सगळं दुय्यम आहे. तिथे खरी विकली जाते ती एकच गोष्ट : पाठ टेकून, पाय लांब करून आडवं होता येईल अशी जेमतेम दोन मीटरची सपाट जागा. ही जागा विमानात बसवणं किती कठीण आहे हे समजलं, की तिकिटाची किंमत समजते आणि कोणती सीट मागून घ्यावी तेही समजतं.

विमानात झोपण्याची सोय जेटच्या आधीची आहे. अमेरिकन एअरलाइन्ससाठी बांधलेलं ‘डग्लस स्लीपर ट्रान्सपोर्ट’ १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं. त्यात आपल्या रेल्वेच्या डब्यासारखे खाली-वर मिळून चौदा बर्थ होते. जगभर गाजलेलं डीसी-३ हे याच विमानाचं बर्थ काढून खुर्च्या बसवलेलं रूप. पुढे बोइंगच्या स्ट्रॅटोक्रूझरमध्येही बर्थ होते. तेव्हाची विमानं हळू जायची, अटलांटिक ओलांडताना अख्खी रात्र हवेत जायची, म्हणून अंथरूण लागायचं. १९५८ मध्ये बोइंग ७०७ आलं, प्रवासाचे तास जवळजवळ निम्म्यावर आले आणि बर्थ गेले. १९७० मध्ये आलेल्या ७४७ च्या वरच्या मजल्यावर बैठकीचा दिवाणखाना होता. १९७१ मध्ये मुंबईत उतरलेल्या एअर इंडियाच्या ‘एम्परर अशोक’मध्येही तो होता. तिथे बसून गप्पा मारता येत, झोपायचं मात्र खुर्चीतच.

बिझनेस क्लास जन्माला आला तो झोपेसाठी नव्हे, भाड्यामुळे. सत्तरच्या दशकात सवलतीची तिकिटं वाढली. कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडं भरून निघालेला माणूस आणि अर्ध्या किमतीत सहलीला निघालेला माणूस शेजारी शेजारी बसू लागले. पूर्ण भाडं भरणारे कुरकुरू लागले, तेव्हा कंपन्यांनी त्यांना पुढे वेगळा भाग दिला. क्वांटासने १९७९ मध्ये त्याला ‘बिझनेस क्लास’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. पण पुढची वीस वर्षं तिथे मिळत होती ती फक्त जास्त रुंद, जास्त मागे कलणारी खुर्ची. विमानं दहा, बारा, चौदा तास न थांबता उडू लागली तेव्हा ती खुर्ची अपुरी पडली. अंथरूण परत आणावं लागलं.

खरी अडचण इथून सुरू होते. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच, म्हणजे ८० सेंटीमीटर असतं. माणूस सरळ झोपवायचा तर अडीच रांगांची लांबी जाते. एवढी जागा दिली तर सीटची संख्या इतकी घटते की हिशेब जमत नाही. रेल्वेसारखे बर्थ एकावर एक रचावेत, तर उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी प्रत्येकाला पट्टा बांधून ताठ बसवावंच लागतं, त्यामुळे खुर्ची हवीच. म्हणजे एकाच वस्तूने आधी अपघातात टिकणारी खुर्ची व्हायचं आणि नंतर पलंग व्हायचं.

पहिली तडजोड होती उताराची. खुर्ची पूर्ण सरळ व्हायची, पण पायाकडे काही अंश खाली उतरलेली राहायची. पाय पुढच्या सीटखाली सरकवून लांबी वाचवायची. अशा सीटवर झोपलेला माणूस रात्रभर हळूहळू खाली घसरत जातो. त्यात विमान उंचीवर अगदी आडवं उडतच नाही. नाक दोन-तीन अंश वर ठेवून उडतं. त्यामुळे पुढे तोंड करून झोपणाऱ्याचे पाय किंचित वर जातात आणि उतार थोडासा भरून निघतो. तरीही घसरगुंडी ती घसरगुंडीच. आजही काही जुन्या विमानांत अशा सीट आहेत. त्यांना सपाट म्हणून विकलं जातं, याचा मला खरोखर राग येतो.

कोडं सुटलं २००० मध्ये. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये जगातला पहिला पूर्ण सपाट पलंग आणला. लंडनच्या ‘टँजरीन’ या आराखडाकारांनी साधी गोष्ट हेरली होती : माणूस खांद्यांशी रुंद असतो, पायांशी अरुंद. मग दोन माणसांना उलटसुलट ठेवलं, एकाचं तोंड पुढे आणि दुसऱ्याचं मागे, तर एकाच्या खांद्यांशेजारी दुसऱ्याचे पाय येतात आणि दोघं एकमेकांत चपखल बसतात. या युक्तीने ७४७ मध्ये एका रांगेत आठ पलंग मावले. माझ्या दृष्टीने प्रवासी विमानाच्या आतल्या रचनेतला हा सर्वांत देखणा शोध आहे. अर्थात त्याची किंमत होतीच. उड्डाण होताना अनोळखी माणसाच्या थेट तोंडाकडे बघत बसावं लागे आणि खिडकीकडच्याला रात्री बाहेर यायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून टांग टाकावी लागे.

पुढची सगळी धडपड ही टांग टाळण्यासाठी झाली. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये सीट तिरप्या लावल्या, माशाच्या काट्यासारख्या. प्रत्येकाला थेट मधली वाट मिळाली, पण पाठ खिडकीकडे गेली. मग कोणीतरी तोच काटा उलटा फिरवला. पाय खिडकीकडे, तोंड बाहेरच्या आकाशाकडे, आणि वाट तशीच मोकळी. तिसरा प्रकार आडव्या-तिडव्या रांगांचा : पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखाली एक बोगदा असतो, त्यात तुमचे पाय जातात. आज तुम्हाला मिळणारा जवळजवळ प्रत्येक चांगला पलंग या दोन-तीन प्रकारांतला असतो. २०१७ मध्ये कतार एअरवेजने आणि डेल्टाने त्याला सरकतं दार जोडलं. एअर इंडियाच्या ए३५० मध्ये, म्हणजे २०२४ पासून आपल्याकडे उडणाऱ्या विमानातही, दारवाल्या २८ जागा आहेत.

हे दार उड्डाण-उतरणीच्या वेळी उघडंच अडकवून ठेवावं लागतं. प्रवासी बाहेर पडण्याची वाट अडता कामा नये. नियम असा, की निम्मे दरवाजे बंद धरून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. ए३८० ची ही परीक्षा २००६ मध्ये हँबुर्गला झाली. १६ पैकी ८ दारांतून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. खुर्चीची परीक्षा वेगळी. गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट जोराचा पुढून धक्का तिने सोसायचा आणि आतल्या पुतळ्याच्या डोक्याला ठरावीक मर्यादेपलीकडे इजा होऊ द्यायची नाही. सीट विमानाच्या सरळ रेषेशी १८ अंशांपेक्षा जास्त तिरपी झाली, की तिला बाजूला तोंड केलेली सीट मानून आणखी कडक अटी लागतात, कारण आडवा झटका मानेला सोसत नाही. तिरप्या सीटच्या पट्ट्यात जो जाड फुगीर भाग जाणवतो ती एअरबॅग असते, काही ठिकाणी खांद्यावरूनही पट्टा घ्यावा लागतो. तो जाच वाटतो म्हणून सैल सोडणारे पाहिले की मला काळजी वाटते.

आता किंमत. ए३५० मध्ये इकॉनॉमीच्या रांगेत नऊजण बसतात, बिझनेसच्या रांगेत चार. शिवाय दोन रांगांमधलं अंतर सुमारे दीडपट. गुणाकार केला तर बिझनेसचा एक प्रवासी इकॉनॉमीच्या सव्वातीन-साडेतीन प्रवाशांची जमीन अडवतो. म्हणून भाडं तिपटीच्या खाली क्वचितच येतं. आणि म्हणूनच धुराचा हिशेबही तसाच लागतो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासात बिझनेसच्या प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट कार्बन आला होता. तो बोजा खरा आहे, आणि परवडतं म्हणून तो नाकारता येत नाही. पण मागणी किती आहे बघा : सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला थेट जाणारं ए३५० सुरू केलं, त्यात ६७ जागा बिझनेसच्या, ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि साधी इकॉनॉमी नाहीच.

इतके पैसे भरून काही गोष्टी मात्र विकत मिळत नाहीत. हवा सगळ्यांची सारखीच कोरडी, किंबहुना पुढे जास्तच कोरडी. विमानातल्या हवेत ओलावा येतो तो मुख्यतः माणसांच्या श्वासातून आणि घामातून, आणि पुढे माणसं कमी असतात. जेवणाचंही तसंच. कमी दाबाच्या, कोरड्या हवेत खारट आणि गोड चव मंदावते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी जमिनीवर विमानासारखा कमी दाब निर्माण करून हे तपासलं होतं. इंजिनांचा आवाजही गोड चव दाबतो, टोमॅटोसारख्या पदार्थांची रसदार चव मात्र टिकते. म्हणून निवड असेल तर मी नेहमी टोमॅटोचं सार किंवा झणझणीत काहीतरी घेतो. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वर्ग बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर तो जवळपास दुप्पट होतो. एकूण प्रमाण सहा हजारांत एक, पण हालचाल न करता पडून राहणाऱ्याला पलंग वाचवत नाही. मधूनमधून उठून चाला, जागच्या जागी घोटे फिरवा.

पुण्या-नाशिकातून मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील या रांगांत आता पुष्कळ दिसतात, तिकीट मुलांनीच काढलेलं असतं. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्हीलचेअर आणि मदतनीस इकॉनॉमीच्या तिकिटावरही मागता येतात, तेवढ्यासाठी बिझनेस घेऊ नका. पैसे मोजायचे ते रात्रीच्या टप्प्यासाठी. युरोपमार्गे जात असाल तर मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. लाउंजमध्ये जेवून घ्यावं, क्रूला ‘जेवणासाठी उठवू नका’ असं सांगावं आणि सरळ झोपावं. युरोपहून परत येणारी अनेक विमानं मात्र दुपारी निघून मध्यरात्री मुंबईत उतरतात. त्यात पलंगाचा उपयोग थोडा. जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असं तिकीट निघतं, ते विचारून घ्या.

सीट निवडताना आधी रांगेची मांडणी बघा. १-२-१ असेल तर प्रत्येकाला वाट मिळते, २-२-२ असेल तर खिडकीकडच्याला टांग टाकावी लागण्याची शक्यता आहे. एकाच कंपनीच्या दोन विमानांत मांडणी वेगळी असते, म्हणून विमानाचा प्रकारही तपासा. नवरा-बायकोला मधल्या दोन जागा सोयीच्या वाटतात, पण उलट्या काट्याच्या मांडणीत पाय एकमेकांकडे येतात आणि डोकी लांब जातात. बोलायला वाकावं लागतं. आणि पायांचा बोगदा विसरू नका. तो अरुंद असला तर कुशीवर झोपणाऱ्याला कूस बदलताना पावलं वर अडकतात, गुडघे दुखणाऱ्याला तर रात्र नकोशी होते. भागाच्या अगदी पहिल्या रांगेसमोर दुसरी सीट नसते, त्यामुळे तिथला बोगदा बहुधा सर्वांत मोकळा असतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर तीच रांग मागा.

पुढच्या लेखांकात : सोळा तासांच्या उड्डाणात वैमानिक आणि केबिन क्रू कुठे आणि किती झोपतात.