संगणकाची मंद आंच

काटकसर म्हणजे काय हें ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला संगणकाच्या विजेचें गणित समजण्यास फारसे श्रम पडणार नाहींत. वरणास उकळी फुटली कीं ती आंच मंद करते. कारण पुढें कितीहि जळण घातलें तरी पाणी उकळण्यापलीकडे तापत नाहीं, जळण मात्र व्यर्थ जातें. आज अनेक सुशिक्षित घरांत एका टेबलावर संगणक मांडलेला असतो. मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचा पत्रव्यवहार, बँकेचे हिशेब अशीं अनेकांचीं कामें त्यावर होतात, आणि म्हणून तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच राहतो. त्याच्या पोटांतहि एक आंच आहे व ती मंद करण्याची सोयहि आहे. ती सोय कशी चालते व आपण ती कां जपावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ही वीज कोठून येते तें पाहूं. चंद्रपूरनजीक ऊर्जानगर येथें २९२० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक विद्युत्-केंद्र आहे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी या आसपासच्या खाणींचा कोळसा आणि इरई धरणाचें पाणी यांवर तें चालतें. चंद्रपूरहून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची अतिउच्च दाबाची वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. तेव्हां दूरच्या शहरांत जी वीज विनाकारण खर्च होते, तिच्या राखेचा व धुराचा वांटा चंद्रपूरकरांच्या अंगणांत पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यांत चंद्रपूर चौथें होतें. ज्या जिल्ह्यांत ताडोबाचें अरण्य आहे, त्याच जिल्ह्याच्या भूमीखालीं हा कोळसा आहे, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. विजेच्या एका युनिटामागें साधारणतः सहाशें ते सातशें ग्रॅम कोळसा जळतो.

आतां संगणकाकडे वळूं. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यांत एक घड्याळ असून त्याच्या ठोक्यावर सर्व काम चालतें. प्रोसेसर तीन गिगाहर्ट्‌झचा आहे असें म्हणतात, तेव्हां त्याचें घड्याळ सेकंदास तीनशें कोटी ठोके देतें असा अर्थ होय. या ठोक्यांबरोबर असंख्य सूक्ष्म कळा उघडतात व मिटतात, आणि त्यांत वीज खर्च होऊन उष्णता निघते. हा खर्च मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: ठोक्यांची संख्या आणि विजेचा दाब. यांपैकीं दाबाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणांत होतो, आणि सारी मेख येथेंच आहे. ठोके कमी केले म्हणजे कमी दाबावरहि काम निभतें. समजा, ठोके निम्मे केले आणि दाब १.२ व्होल्टवरून ०.९ वर आणला. तर दर क्षणीं लागणारी शक्ति शंभरावरून सुमारे अठ्ठावीसवर येते. कामास वेळ दुप्पट लागला, तरी तेंच काम पुरें होईपर्यंत प्रोसेसरची वीज शंभराऐवजीं छप्पनच लागते.

ही युक्ति प्रथम बॅटरीवर चालणाऱ्या संगणकांसाठीं पुढें आली. इंटेल कंपनीनें २००० सालीं ‘स्पीडस्टेप’ या नांवानें ती मांडली. पुढें कांहीं वर्षांतच एएमडी कंपनीच्या ‘कूल अँड क्वाएट’ योजनेनें ती टेबलावरच्या संगणकांतहि आणली. त्याच सुमारास, २००४ सालीं, चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत इंटेलनें सोडून दिला. नुसती गति वाढवीत जाण्याच्या मार्गांत उष्णता आडवी आली होती. ज्या चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४७ अंशांवर जातो, तेथील वाचकांस ही अडचण विस्तारानें सांगावयास नको.

येथें कोणी शंका घेईल कीं, मग संगणक सदैव मंदच कां ठेवूं नये? त्याचें उत्तर असें कीं, प्रोसेसर रेंगाळत असतां पडदा, पंखा, स्मृति हीं सारीं वीज खातच असतात. म्हणून पुष्कळदां काम झपाट्यानें उरकून सर्व यंत्रास झोंपविणें अधिक किफायतीचें ठरतें. चतुर गृहिणीहि कधीं आंच मंद ठेवते, तर कधीं पेटल्या चुलीवर सारा स्वयंपाक उरकून ती लगेच विझविते. कोणत्या वेळीं काय करावें, याचा निवाडा आजचे संगणक स्वतःच करतात. एका सेकंदांत ते अनेकदां गति बदलतात. आपण फक्त त्यांच्या आड येऊं नये.

हें आड येणें दोन प्रकारांनीं घडतें. कोणी ‘हाय परफॉर्मन्स’ ही योजना निवडून ठेवतो, आणि मग रिकाम्या वेळींहि गति चढलेली राहते. घरगुती कामास ‘बॅलन्स्ड’ योजना पुरेशी आहे. दुसरा प्रकार अधिक खर्चाचा. जेवणें, दुपारची निद्रा, बाहेरचीं कामें यांत संगणक तसाच चालू राहतो. पडद्यासह तो ६० वॅट घेत असेल आणि रोज पांच तास, वर्षांतून तीनशें दिवस असा उगाच जळत असेल, तर ९० युनिटें, म्हणजे जवळजवळ साठ किलो कोळसा, कोणाच्याहि उपयोगीं न पडतां जातो. झोंपविलेल्या संगणकास दोन-तीन वॅट पुरतात.

गडचिरोली जिल्ह्यांत या बचतीस आणखी एक अर्थ आहे. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा ठिकाणीं वीज गेली कीं इन्व्हर्टरचाच आधार. बॅटरींतून १२०० वॅट-तास वीज मिळत असेल, तर १२० वॅट घेणारा संगणक दहा तास चालेल. तोच ८० वॅटवर आणला तर पंधरा तास. शाळेचा निकाल किंवा दवाखान्याची नोंद पुरी करावयास हे वाढीव पांच तास फार मोलाचे असतात.

एकत्र कुटुंबांत संगणक सर्वांचा असतो, आणि म्हणूनच तो बंद करणें हें कोणाचेंच काम नसतें. तेव्हां दहा मिनिटें कोणी हात लावला नाहीं तर पडदा मिटावा व अर्ध्या तासानें यंत्र झोंपावें, अशी व्यवस्था घरांतील जाणत्या मुलामुलींनीं एकदां करून द्यावी. या कामास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. तिचा लाभ मात्र घरच्या बिलांत दिसेल, आणि कांहीं अंशीं ऊर्जानगरच्या चिमण्यांच्या छायेंत राहणाऱ्यांसहि मिळेल.